मला धरून पाच

१

घरात राहता यावं म्हणून मी घरातच एक खोली बांधायला काढली. हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. हे सगळं वडिलांकडून आलंय, असं त्या मान हलवण्यात होतं.

पण वाक्य बरोबर होतं. माझा धंदा पुस्तकं वाचण्याचा. लोक भांडी घासताना, गाडी चालवताना, झोप येत नसताना कानात घालून ऐकतात ती पुस्तकं. आमच्या कंपनीचा स्टुडिओ दूरच्या शहरात. एकेका पुस्तकासाठी मी तिकडे जाऊन राहायचो, आणि इकडे माझी मुलगी माझ्या माघारी सायकल शिकायची, तिचे दात पडायचे, नवे यायचे. हे सगळं मला फोनवर कळायचं. ती चिमटे फार काढते म्हणून तिला आम्ही चिमटी म्हणतो. बापाला मुलीच्या चिमट्याची आठवण येऊ शकते हे तुम्हाला पटणार नाही, पण मला यायची. हॉटेलच्या खोलीत एकटा जेवताना फार यायची.

मग कंपनीने कळवलं, की घरी शांत खोली असेल तर घरूनच वाचा. आधी आवाजाचा नमुना पाठवा. पास झालात तर इकडे यायची गरज नाही. नापास झालात तर बॅग भरा, पुढचं पुस्तक जाडजूड आहे.

आता आमच्या घरात शांतता म्हणजे उंबराचं फूल. मला धरून पाच माणसं: आई, बायको, चिमटी, मी आणि माझा मेहुणा. मेहुणा बांधकामाचं सामान विकतो आणि आमच्याकडेच राहतो. ही पाच माणसं पन्नास माणसांइतकी बोलतात. चिडून नाही, आनंदाने. जेवणाच्या टेबलावर एक बोलायला लागला की बाकीचे चौघं ते ऐकत ऐकतच आपापलं बोलतात, आणि कुणाचं काही चुकत नाही. मला हे घर जसं आहे तसं हवं होतं. फक्त त्याला लागून असलेली अडगळीची खोली गप्प हवी होती.

शिवाय थंडी. त्या खोलीची एक भिंत उत्तरेची, वर पत्रा. हिवाळ्यात तिथे वाचायला बसलो असतो तर माझे दात वाजलेलेच लोकांनी पुस्तकभर ऐकले असते.

"म्हणजे तुम्हाला ऊबही पाहिजे आणि शांतताही," मेहुणा म्हणाला. "भाऊजी, हे दोन वेगळे चोर आहेत. एकाला पकडलं की दुसरा सापडतोच असं नाही."

दुसऱ्या दिवशी तो दुकानातून सगळे नमुने घेऊन आला आणि आमच्या घरात प्रयोगशाळा सुरू झाली. सारख्या मापाची खोकी घेतली, प्रत्येकाला आतून वेगळं अस्तर लावलं. आत एकेक गरम पाण्याची बाटली, आणि पाळीपाळीने गजराचं घड्याळ. चिमटी खोक्याला कान लावायची आणि तोंडाने गुण द्यायची.

थर्माकोलने बाटली मस्त गरम ठेवली, पण गजर असा ऐकू आला की खोकं आहे की नाही कळेना. अंड्यांच्या ट्रेसारखा उंचवट्यांचा स्पंज दिसायला एकदम स्टुडिओ. त्याने खोक्यातला घुमारा मारला, पण आवाज बाहेर यायचा तो आलाच. काचेच्या तंतूंची काचलोकर ऊब आणि आवाज दोन्हीला बरी होती, पण मेहुण्याने हात नीट न धुता मान खाजवली आणि मग संध्याकाळपर्यंत तो खाजवतच होता. बुचाचे तक्ते मला फार आवडले. ते मेहुण्याकडे खोकी भरण्यापुरतेच होते. आईचा उमेदवार म्हणजे जुन्या रजया. त्या वाईट नव्हत्या, फक्त त्यांना दमट वास येतो आणि उंदरांना त्या आपल्याच वाटतात.

शेवटी जिंकली दगडी लोकर. दगड वितळवून त्याचे तंतू काढतात, त्यांच्या गाद्या करतात. हाताला जड, रंगाला मातकट. त्या खोक्यातली बाटली गरम राहिली आणि गजराचं चिमटीला काही ऐकूच आलं नाही. ती म्हणाली, "घड्याळ मेलं!" आणि टाळ्या वाजवत घरभर नाचली.

आई म्हणाली, "भिंतीला कान असतात म्हणतात. तू त्यांच्या कानात बोळेच घालायला निघालास की."

२

खोलीचं काम आम्ही दोघांनीच केलं. लाकडी चौकट, तिच्यात लोकरीच्या गाद्या, वर जिप्समचे तक्ते. मेहुण्याचं तत्त्व होतं, की एक थर लावायचा, ऐकायचं, मगच दुसरा लावायचा. त्यासाठी मी आत दार लावून बसायचं आणि बाकीच्यांनी बाहेर टेबलाभोवती नेहमीसारखा गोंधळ घालायचा.

पहिल्या वेळी त्यांनी घातलेला गोंधळ अगदीच पुचाट निघाला. मी दार उघडून बाहेर आलो.

"हे काय? एवढ्याच आवाजावर आपलं घर चालतं का?"

"अरे, तू नाहीस ना टेबलावर," बायको म्हणाली. "तू नसलास की आम्ही कुणाची चेष्टा करायची?"

हे खरं होतं. आमच्या गोंधळात माझा वाटा मोठा असतो. मी काहीतरी बोलतो, त्यावर ते चौघं तुटून पडतात.

"मग मला धरून चला," मी म्हणालो. "मी खुर्चीवर बसलोय असं समजा. माझं ताट मांडा. मला बोला, माझी चेष्टा करा. म्हणजे नेहमीइतका आवाज होईल."

चिमटीला ही कल्पना इतकी आवडली की तिने लगेच माझ्या रिकाम्या खुर्चीला चिमटा काढला. मी आत गेलो, दार लावलं. आता मात्र रंग भरला. पहिल्या थरातून सगळं अर्धवट ऐकू येत होतं: मेहुण्याचं गडगडणं, आईचं 'पुरे रे, पुरे', चिमटीची किंकाळी, बायकोचं हसणं. मी एकटाच बसून हसू दाबत होतो. आणि त्या सगळ्यात आणखी एक हसणं होतं.

माझं हसणं ओळखायला सोपं आहे. आधी सायकलच्या पंपासारखा श्वास आत, मग आपटल्यासारखे ठोके. बहुतेकांना स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो. मी मात्र दिवसभर हेडफोनमध्ये स्वतःलाच ऐकतो, मला तो माझ्या चपलांइतका ओळखीचा आहे.

मी बाहेर आलो तेव्हा चौघंही डोळे पुसत होते.

"माझी नक्कल कोण करत होतं?"

"नक्कल कशाला?" मेहुणा म्हणाला. "तुम्ही होतात की!" आणि ते पुन्हा हसत सुटले. मीही हसलो. खेळ मीच सांगितला होता, आणि त्यांनी तो मनापासून खेळला होता.

३

दुसरा थर लागला. तिसरा लागला. मेहुण्याने दाराच्या कडांना रबराच्या पट्ट्या लावल्या, कारण त्याच्या मते जिथून हवा जाते तिथून आवाज जातो. खोली इतकी उबदार झाली की मी स्वेटर काढून बसू लागलो. आई दुपारी तिथे डुलकी काढायला येऊ लागली. "या खोलीत मला माहेरी आल्यासारखं वाटतं," ती म्हणायची, आणि दोन मिनिटांत घोरायची. मला फार बरं वाटायचं. अडगळीतून मी काहीतरी चांगलं काढलं होतं.

प्रत्येक थरानंतर चाचणी व्हायची. आधी मेहुण्याचा आवाज गेला, तो जाडा असल्यामुळे शेवटपर्यंत टिकेल असं मला वाटलं होतं. मग आई, मग बायको. चिमटीची किंकाळीसुद्धा एक दिवस नाहीशी झाली.

ते हसणं गेलं नाही.

ते वाढलंही नाही. पहिल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच राहिलं. भोवतीचे आवाज गेल्यामुळे फक्त उघडं पडलं. टेबलावरच्या गप्पांतला एकच माणूस ऐकू यावा, आणि तो कशाला हसतोय ते मात्र कळू नये, असं ते होतं. श्वास आत, मग ठोके. मग थोडा वेळ गप्प, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखं. पुन्हा हसणं.

मी अंधश्रद्धाळू माणूस नाही. अगदी शांत खोलीत माणसाला स्वतःचं रक्त ऐकू येतं, जबड्याचा सांधा ऐकू येतो, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. मी ठरवलं, की मी हसू दाबतो, ते माझ्या कवटीतच घुमतं, आणि मेंदू त्याला बाहेर नेऊन बसवतो. हे स्पष्टीकरण मला इतकं आवडलं की मी ते मेहुण्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही वाचता फार."

काम झाल्यावर मी दुपारी, जेवणाच्या वेळी, मुद्दाम घर भरलेलं असताना नमुना वाचला आणि पाठवून दिला. चाचण्या संपल्या होत्या, पण घरच्यांचा खेळ संपला नव्हता. मी आत असलो की ते माझं ताट मांडायचे, मला धरून गप्पा मारायचे. "तू कामात असलास तरी टेबल रिकामं दिसायला नको," बायको म्हणायची. मला ते फार गोड वाटायचं.

दोन दिवसांनी कंपनीतल्या आवाज तपासणाऱ्या बाईंचा फोन आला.

"खोली झकास आहे हो तुमची. काय वापरलंत?"

"दगडी लोकर."

"वा! पण मागे कुणीतरी हसतंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एकच माणूस आहे. आधी वाटलं तुम्हीच हसलात. पण तुमचं वाचणं चालूच आहे त्याच्यावर. भाऊ आहे का तुमचा?"

"नाही."

"छान हसतात. ऐकून मलाही हसू आलं. पण असं चालणार नाही. महिनाअखेरपर्यंत दुसरा पाठवा, नाहीतर मग तुम्हाला इकडेच यावं लागेल."

मी फोन ठेवला. माझी कवटी कंपनीपर्यंत ऐकू जात नाही, एवढं मला नक्की कळत होतं.

४

मेहुण्याने एक भोक बुजवायचं ठेवलं होतं. भिंतीतून वायर बाहेर नेण्यासाठी पाडलेलं, पेन्सिल जाईल एवढं. त्याला वाटलं आवाज तिथूनच येत असेल. तो जेवण झाल्यावर बुजवणार होता. बाहेर ताटं वाजत होती. मी आत होतो, आणि मला वाटलं, बघावं तरी.

मी भोकाला डोळा लावला.

दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. मला समोर बायको दिसली. तिच्या बाजूला आई, मग मेहुणा. तिघांचेही चेहरे एकाच दिशेला वळलेले होते, आणि त्यांवर जे सुख होतं ते मी त्यांच्या चेहऱ्यांवर कधी पाहिलं नव्हतं. कदाचित ते रोज असेल. मी नेहमी बोलण्यात गुंतलेला असतो. चिमटी खुर्चीवरून कललेली होती. ती कुणाच्या तरी दंडाला टेकून ऐकत होती.

भोकातून तेवढाच दंड दिसत होता. कोपर, आणि स्वेटरची बाही. बायकोने विणलेला तो स्वेटर, कोपराला तिनेच घातलेलं वेगळ्या रंगाचं ठिगळ. मी खाली माझ्या हाताकडे पाहिलं. गरम होत असूनही त्या दिवशी मी तो काढला नव्हता.

बाही हलली. चिमटीने चिमटा काढला होता. श्वास आत, मग ठोके.

मी दार उघडून बाहेर पडलो. दार जड असतं, रबराच्या पट्ट्या सोडत नाहीत, त्यामुळे जरा वेळ लागला. टेबलावर चौघं होती. माझी खुर्ची रिकामी होती.

"मधेच उठून कुठे गेलास रे?" आई म्हणाली. "भाजी गार होतेय."

"बाबा, सांग ना!" चिमटी म्हणाली. "मग त्या गाढवाने काय केलं?"

"कुठल्या गाढवाने?"

चौघंही हसली. मी विसरल्याचं सोंग करतोय असं त्यांना वाटलं. मी खुर्चीवर बसलो. बसायची गादी गरम होती. इतके दिवस गरम पाण्याच्या बाटल्या तपासून मला हाताला बरंच कळायला लागलं होतं; ही ऊब आताची होती, नुकतंच कुणीतरी उठल्याची होती. ताटात अर्धी भाकरी होती आणि तिचा तुकडा मी मोडतो तसाच, कडेकडेने मोडलेला होता.

"तू आलास की घर कसं भरल्यासारखं वाटतं," बायको हळूच म्हणाली. "अलीकडे किती मोकळा झालायस. आधी कामावरून आलास तरी निम्मा तिकडेच असायचास."

मी तिच्याकडे बघून हसलो. काय करणार? ती खूश होती. आणि तिला आवडलेला तो माणूस कोण, ते मला माहीत नव्हतं.

जेवण झाल्यावर मेहुण्याने भोक बुजवलं आणि मी त्याला बाजूला घेतलं. "खरं सांग. जेवताना मी आत होतो की बाहेर?"

"आत," तो म्हणाला. "म्हणजे... बाहेरच की. गाढवाचं तुम्हीच सांगत होता." त्याने डोकं खाजवलं. "पण आत होतात हेही खरं. तुम्ही आत आहात म्हणून तर आम्ही तुम्हाला धरून बसलो होतो."

तो हे इतक्या साधेपणाने बोलला की मी घाबरायच्या ऐवजी थबकलो. धरून. हा शब्द मीच त्यांना दिला होता. मी आत जायचो आणि बाहेर मला धरलं जायचं. आणि आमच्या घरची माणसं कुठलीही गोष्ट धरली की सोडत नाहीत.

५

आजार कळला म्हणजे औषध सोपं असतं, असं मला वाटलं. मी सगळ्यांना टेबलाशी बसवलं आणि हसत हसतच सांगितलं. गाढव, बाही, गरम गादी, यातलं काही बोललो नाही. म्हणालो, "नमुना नापास झाला. आता शेवटची संधी आहे. हाही गेला तर पुन्हा बॅग."

चिमटीचा चेहरा पडला. "नको," ती म्हणाली.

"म्हणून या वेळी एक करायचं. मी आत गेलो की मला धरायचं नाही. ताट नको, खुर्चीसुद्धा नको. घरात तुम्ही चारच आहात असं बोला, असं वागा. मोजलंत तरी चारच मोजा."

"हे काय भलतंच," आई म्हणाली. "जित्याजागत्या माणसाला वगळून कुणी मोजतं का?"

"आई, एका दुपारपुरतं."

"एका दुपारपुरतंसुद्धा नाही."

आईची समजूत घालायला बराच वेळ लागला. बायकोने घातली खरं तर. ती म्हणाली, "आई, तो कायमचा घरी राहावा म्हणूनच ना हे?" त्यावर आई म्हणाली, "बरं. पण मला जमेल असं वाटत नाही. पोटच्या पोराला विसरायला काय बटण असतं?"

"नुसतं नाटक करायचंय आई."

"नाटकच करायचं तर मनापासून करू," मेहुणा म्हणाला आणि माझी खुर्ची उचलून मागच्या अंगणात ठेवून आला. टेबल एकदम प्रशस्त दिसायला लागलं. त्याने उरलेल्या चार खुर्च्या सारख्या अंतरावर सरकवल्या, मागे होऊन पाहिलं आणि म्हणाला, "हे बरं दिसतं."

"आम्ही चार!" चिमटीने सराव केला. "आई, आजी, मामा आणि मी. आम्ही चार!"

"शाबास," मी म्हणालो. "अजून जोरात."

तिने टेबलावर हात आपटत म्हटलं, मेहुण्याने ताल धरला, बायको हसायला लागली, आणि शेवटी आईसुद्धा बोटांवर मोजायला लागली. मी दारात उभा राहून ते पाहिलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. मग मी आत गेलो आणि दार ओढून घेतलं.

६

मी कान देऊन बसलो. वाट पाहिली. श्वाससुद्धा रोखून धरला.

काही नव्हतं.

इतकी स्वच्छ शांतता मी स्टुडिओतही ऐकली नव्हती. बाहेर चौघं ओरडत असतील, टेबल बडवत असतील. त्यातलं टाचणीएवढंही आत येत नव्हतं. आणि तोही नव्हता. मी पुन्हा पुन्हा थांबून खात्री केली. मग मला इतका आनंद झाला की मी वाचायला सुरुवात केली ती थांबलोच नाही. आवाज असा लागला की काय सांगू. अवघड वाक्यं आपोआप सुटी होत होती. ऊब छान होती, पाठीला लोकरीची भिंत होती. पलीकडे माझी माणसं होती, आणि ती माझ्यासाठी काहीतरी करत होती.

नमुना तिथूनच पाठवला. बाईंनी लगेच ऐकला असावा, कारण मी पाणी पितोय तोवर फोन आला.

"पास!" त्या म्हणाल्या. "काही म्हणजे काही नाही मागे. अहो, या घरात कुणी राहतं की नाही?"

"भरपूर राहतात," मी म्हणालो. "आता मीसुद्धा राहणार."

मी उठलो. दार नेहमीसारखं अडलं, मी खांदा लावला आणि जवळजवळ बाहेर फेकलाच गेलो.

"पास झालं!" मी ओरडलो. "घरीच! आता कुठेही जायचं नाही!"

टेबलावर ऊन होतं. चौघं चहा घेत होती. मेहुणा काहीतरी सांगत होता, बाकीची हसत होती, आणि हसता हसताच त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. क्षणभर थांबली आणि मग चौघांनीही टाळ्या वाजवल्या.

"अहो, अभिनंदन!" बायको उठून म्हणाली. "बसा ना, बसा."

इतक्या वर्षांत तिने मला कधी अहो म्हटलं नव्हतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा अरे म्हणाली होती, त्यावरून तिच्या आत्याने डोळे वटारले होते. मला हसू फुटलं. म्हणजे नाटक अजून चालू होतं तर.

"बसतो की," मी ऐटीत म्हणालो. "तुम्ही एवढा आग्रह करताय तर."

मेहुण्याने स्वयंपाकघरातलं स्टूल आणून टेबलाच्या कोपऱ्याला ठेवलं आणि फडक्याने पुसलं. "मग साहेब, कशी वाटली खोली? कुठून आवाज येतो का?"

"अजिबात नाही. फर्स्ट क्लास. मिस्त्री कोण तुमचा?"

"मीच!" तो म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. किती छान माणसं आहेत ही, मला वाटलं, एखादी गंमत सापडली की किती मनापासून पुरवतात.

बायकोने आतून आणखी एक कप चहा आणला आणि चिमटीच्या हातात दिला. चिमटी तो दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून, हळूहळू माझ्यापर्यंत आली. मी दंड पुढे केला. तिने चिमटा काढला नाही. कप टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे गेली.

"घ्या ना काका," ती म्हणाली.

माझ्या मुलीला गंमत पोटात राहत नाही. लपंडावात ती स्वतःच हसून सापडते. मी तिच्या ओठांचा कोपरा कधी हलतो याची वाट पाहू लागलो. ती तिच्या आईच्या मागे गेली, पदराआडून एक डोळा काढून माझ्याकडे बघत राहिली. लाजली होती. पाच माणसांच्या टेबलावर वाढलेली माझी मुलगी फक्त परक्या माणसासमोर लाजते.

माझं हसणं आपलं आपण थोडा वेळ चालू राहिलं आणि थांबलं. मी मेहुण्याकडे पाहिलं. त्याला माझ्या खोलीबद्दल खरंच ऐकायचं होतं. मी बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत फार आदर होता.

आईने बशी माझ्याकडे सरकवली. "घ्या हो, संकोच करू नका. केव्हाचे आत बसून आहात." तिने माझ्या चेहऱ्याकडे मायेने निरखून पाहिलं, दमलेल्या कुठल्याही माणसाकडे ती पाहते तसं. "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"आई असते," मी म्हणालो.

"मग काय," आई आनंदाने म्हणाली, "तुम्हाला कसली काळजी!"